अमेरिकन नागरिकाशी विवाह: मुहूर्ताआधी कायदेशीर लग्न आणि जोडीदाराचा व्हिसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, होणारा जोडीदार महाराष्ट्रात आहे, साखरपुडा झाला आहे आणि मंगल कार्यालय मिळते आहे ते थेट तुळशीच्या लग्नानंतरचे. अशा वेळी 'आधी रजिस्टर लग्न करून टाकू, म्हणजे व्हिसाची फाइल पुढे सरकेल' असा विचार बहुतेक घरांत होतो. विचार योग्य आहे, मात्र ते लग्न कोणत्या कायद्याखाली आणि कशा रीतीने केले यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ही माहिती फक्त अमेरिकेपुरती आहे, कारण इतर देशांचे नियम वेगळे आहेत.

समारंभाआधी कायदेशीर लग्न केल्याने नेमका कोणता फायदा होतो?

अमेरिकन नागरिकाने पती किंवा पत्नीसाठी भरायचा पहिला अर्ज म्हणजे आय-१३०. लग्न कायद्याने पूर्ण झाल्याशिवाय तो भरताच येत नाही. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक व्हिसासंख्येची मर्यादा नसली, तरी अर्जाची छाननी, नंतर नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकन सरकारी केंद्रातील कागदपत्रांचा टप्पा आणि शेवटी मुलाखत हे सर्व मिळून साधारणपणे एक वर्षाहून अधिक काळ जातो. समारंभ आठ महिन्यांनी असेल आणि अर्ज त्यानंतर भरला, तर ते आठ महिने हातचे जातात आणि नवविवाहित दांपत्याला लग्नानंतर दीर्घकाळ वेगळे राहावे लागते. आधी लग्न केल्यास प्रतीक्षेचा मोठा भाग समारंभापूर्वीच सरतो.

मग हे 'कागदोपत्री लग्न' आणि डिसेंबरमधले 'खरे लग्न' असे समजावे का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. विवाह अधिकाऱ्यासमोर किंवा अमेरिकेतील कोर्टहाउसमध्ये झालेले लग्न हेच कायद्याच्या दृष्टीने लग्न असते आणि नंतरचा समारंभ हा त्याचा उत्सव असतो. त्या दिवसापासून दोघेही प्रत्येक सरकारी फॉर्मवर 'विवाहित' असतात, मग तो पासपोर्टचा असो, व्हिसाचा असो की प्राप्तिकराचा. 'अजून अक्षता पडायच्या आहेत' म्हणून व्हिसाच्या अर्जात 'अविवाहित' लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे होय आणि त्याचे परिणाम पुढे अनेक वर्षे भोगावे लागू शकतात.

भारतात लग्न करायचे असल्यास कोणता कायदा लागू होतो? वॉर्ड ऑफिसमध्ये आधीच नोंदणी करून ठेवता येते का?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून हे उत्तर मोठे आहे.

महाराष्ट्रात 'लग्नाची नोंदणी' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर होणारे लग्न. येथे लग्न तिथेच, त्या कार्यालयात लागते आणि कोणताही धार्मिक विधी आवश्यक नसतो. दुसरी म्हणजे महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होणारी नोंदणी. तेथे लग्न लागत नाही. आधीच लागलेल्या लग्नाची फक्त नोंद होते. म्हणूनच त्या अर्जात लग्नाची तारीख, स्थळ आणि विधी करणाऱ्या गुरुजींची सही मागितली जाते आणि लग्नपत्रिका व फोटोही जोडावे लागतात.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार हिंदू विवाह वर किंवा वधू यांपैकी एकाच्या रूढ विधींनी लागावा लागतो आणि त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. विधी झालाच नाही आणि केवळ प्रमाणपत्र मिळवले, तर त्या प्रमाणपत्राने विवाह निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या निकालात हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या प्रकरणात समारंभ पुढच्या तारखेला ठरलेला होता, नोंदणी मात्र आधीच करून घेतली होती आणि विधी झालेच नव्हते. परदेशी व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आईवडील अशा आगाऊ नोंदणीला संमती देतात, या प्रथेचा न्यायालयाने स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि तो विवाह अवैध ठरवला.

तेव्हा एखाद्या मध्यस्थाने 'तारीख टाकून प्रमाणपत्र काढून देतो' असे सांगितले, तर तेथून तत्काळ उठावे. ते प्रमाणपत्र भारतात टिकणार नाही, आणि विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असावा हीच अमेरिकेचीही पहिली अट असल्यामुळे व्हिसाची संपूर्ण फाइल त्या कागदाबरोबर कोसळेल.

योग्य मार्ग दोन आहेत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावे. किंवा दोघेही हिंदू असतील (या कायद्याच्या दृष्टीने यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात), तर घरच्या मोजक्या माणसांच्या उपस्थितीत, आपापल्या रूढ विधीने छोटे पण संपूर्ण लग्न लावावे आणि मग त्या खऱ्या तारखेची वॉर्ड ऑफिसात नोंद करावी. जोडीदारांपैकी एक हिंदू नसेल, तर विशेष विवाह कायदा हाच सरळ मार्ग आहे.

विशेष विवाह कायद्याखालील लग्नाला किती वेळ लागतो?

दोघांपैकी किमान एकाने नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असावे लागते. म्हणजे पुण्याच्या मुलीचे लग्न पुण्यात करायचे असेल, तर तिचे वास्तव्य पुरते. न्यू जर्सीच्या मुलाने महिनाभर पुण्यात राहण्याची गरज नसते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागावे लागते, अन्यथा पुन्हा नोटीस द्यावी लागते. लग्नाच्या दिवशी वर, वधू आणि तीन साक्षीदार विवाह अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष हवेत.

अमेरिकेतील माणसाला रजा जेमतेम दोनतीन आठवड्यांची मिळते, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी नोटिशीचे गणित बसवणे अत्यावश्यक आहे. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे आणि नोटीस ऑनलाइनही देता येते. परदेशातील जोडीदार भारतात नसताना नोटीस स्वीकारली जाईल का आणि त्याच्याकडून कोणती कागदपत्रे लागतील, हे संबंधित कार्यालयात आधी विचारून घ्यावे. परदेशी नागरिकाकडून सहसा तो अविवाहित असल्याचा दाखला मागितला जातो. अमेरिकन सरकार असा दाखला देत नाही. त्याऐवजी नागरिक स्वतः शपथपत्र करतो आणि त्याची सही वाणिज्य दूतावासात नोटरीकृत होते. त्यासाठी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, म्हणून तोही दिवस वेळापत्रकात धरावा.

गोव्यात लग्न केले तर?

गोव्याची पद्धत वेगळी आहे. तेथे नागरी निबंधकासमोर आधी विवाहाच्या इच्छेची घोषणा केली जाते आणि आक्षेपाची मुदत संपल्यावर साक्षीदारांसह दुसऱ्यांदा सही होते. पहिली सही म्हणजे विवाह नव्हे. पहिल्या सहीनंतर मिळालेला कागद घेऊन आय-१३० भरू नये.

अमेरिकेत कोर्टहाउसमध्ये लग्न करता येते का?

जोडीदार त्या वेळी कायदेशीररीत्या अमेरिकेत असेल, तर येते. तेथे विवाहाचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क राज्यात विवाहाचा परवाना मिळाल्यावर २४ तास थांबावे लागते; टेक्सासमध्ये ही मुदत ७२ तासांची आहे; न्यू जर्सीत अर्ज केल्यावर परवाना मिळण्यापूर्वीच ७२ तास थांबावे लागते; कॅलिफोर्नियात परवाना मिळाल्याच्या दिवशीही लग्न लावता येते. नागरिकत्वाची अट सहसा नसते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की परवाना म्हणजे विवाहाचे प्रमाणपत्र नव्हे: लग्न लागल्यावर कार्यालयात नोंदले गेलेले आणि प्रमाणित प्रत म्हणून मिळालेले प्रमाणपत्रच अर्जाला जोडायचे असते. हेच प्रमाणपत्र पुढे भारतात वापरायचे झाल्यास त्या राज्याकडून अपोस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचे अधिकृत प्रमाणन) करून घ्यावे.

व्हिडिओ कॉलवरून लग्न चालते का?

कोविडच्या काळात अमेरिकेतील युटा काउंटीने ऑनलाइन विवाह सुरू केले आणि अनेक जोडप्यांनी त्यांचा आधार घेतला. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात एक स्पष्ट अट आहे: विवाहाच्या वेळी दोघे एकमेकांसमोर प्रत्यक्ष उपस्थित नसतील, तर त्यानंतर प्रत्यक्ष भेट होऊन दांपत्यजीवन सुरू होईपर्यंत तो विवाह जोडीदाराच्या व्हिसासाठी धरला जात नाही. विवाहानंतरच्या भेटीचे पुरावे, म्हणजे पासपोर्टवरील शिक्के, विमानाची तिकिटे आणि एकत्र मुक्कामाची बिले, अर्जासोबत जोडावे लागतात. भारतातही अशा विवाहाच्या वैधतेवर वाद उद्भवू शकतो. दोघांना एका ठिकाणी येणे शक्य असेल, तर हा मार्ग टाळावा.

लग्न न करता के-१, म्हणजे वाग्दत्ताचा व्हिसा, घेणे बरे नाही का?

के-१ फक्त अविवाहितांसाठी आहे. दोघांची गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत त्याच व्यक्तीशी लग्न करून पुढे ग्रीन कार्डाचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्यामुळे एकूण खर्च वाढतो आणि नोकरी व प्रवासाची परवानगी मिळेपर्यंत जोडीदार घरात अडकतो. भारतातच समारंभ करायचा असलेल्या मराठी कुटुंबांना हा मार्ग क्वचितच सोयीचा ठरतो, असे माझे मत आहे.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. वैदिक लग्न लावले पण नोंदणी केली नाही, म्हणून आपण अजून 'अविवाहित' आहोत आणि के-१ चालेल, ही समजूत चुकीची आहे. सप्तपदी झाली की हिंदू विवाह पूर्ण होतो, नोंदणी असो वा नसो. के-१ चा अर्ज चालू असताना हार, अक्षता आणि मंगळसूत्राचे फोटो काढणारा थाटाचा साखरपुडाही मुलाखतीत शंकेला कारण ठरू शकतो.

अर्जात कोणती तारीख लिहावी? समारंभानंतर पुन्हा नोंदणी करावी का?

कायदेशीर लग्न ज्या दिवशी आणि ज्या ठिकाणी लागले, तीच तारीख आणि तेच ठिकाण प्रत्येक फॉर्ममध्ये लिहावे. नंतरच्या समारंभाची तारीख लग्नाची तारीख म्हणून कोठेही देऊ नये. त्याच लग्नाची समारंभाच्या तारखेने पुन्हा नोंदणी तर मुळीच करू नये, कारण दोन तारखांची दोन प्रमाणपत्रे तयार झाली की कोणते खरे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. कार्यालयाचे व्यवस्थापक किंवा गुरुजी सवयीने नोंदणीचे कागद पुढे करतात. तेव्हा नोंदणी आधीच झाल्याचे शांतपणे सांगावे.

आय-१३० पासून मुलाखतीपर्यंत काय काय घडते?

नागरिक जोडीदार आय-१३० ऑनलाइन किंवा कागदी स्वरूपात भरतो. एप्रिल २०२४ पासून त्याचे शुल्क ऑनलाइनसाठी ६२५ आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर झाले. शुल्क बदलत असते, म्हणून भरण्याच्या दिवशी यूएससीआयएस या अमेरिकन इमिग्रेशन सेवेच्या संकेतस्थळावर पाहावे. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे शुल्क, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, आर्थिक हमीचा आय-८६४ आणि नागरी कागदपत्रे द्यायची असतात. भारतातील जोडीदाराला पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र घ्यावे लागते. जन्मदाखल्यात नाव नसेल किंवा आईच्या नावाचे स्पेलिंग वेगळे असेल, तर ते काम पहिल्याच महिन्यात हाती घ्यावे, कारण फाइल सर्वांत जास्त रखडते ती याच कागदावर. मराठीतील दाखल्यांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. त्यानंतर अधिकृत डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत होते.

'समारंभ अजून का झाला नाही?' असे अधिकाऱ्याने विचारले तर?

खरे ते सांगावे: मुहूर्त चातुर्मासानंतरचा आहे, आजीआजोबांच्या सोयीने तारीख ठरली आहे, कार्यालय तेव्हाच मिळाले. भारतात समारंभाला असलेले महत्त्व अधिकाऱ्यांना ठाऊक असते. म्हणूनच कोणालाही न कळवता दोन मित्रांना साक्षीदार करून उरकलेले लग्न संशयास्पद वाटू शकते. नोंदणी विवाहाच्या दिवशी दोन्हीकडचे आईवडील उपस्थित असावेत, फोटो काढावेत, नंतर घरी जेवण करावे आणि ते सर्व जपून ठेवावे. यापलीकडे एकमेकांना भेटायला केलेले प्रवास, रोजचा संपर्क, परस्परांच्या कुटुंबांतील ये-जा आणि कार्यालयाच्या बुकिंगची पावती हेही पुरावे आहेत. मुलाखतीपूर्वी समारंभ झाला, तर त्याचे फोटो आणि पत्रिका सोबत न्यावी आणि विचारल्यास कोणती तारीख कायदेशीर लग्नाची हे एका वाक्यात सांगावे.

केवळ ग्रीन कार्डासाठी केलेले लग्न हा गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि अशा व्यक्तीसाठी पुढे कोणाचाही आय-१३० मंजूर होत नाही.

अर्ज चालू असताना जोडीदाराला पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाता येईल का?

कायद्याने बंदी नाही, पण व्हिसा मिळणे अवघड होते, कारण परत येण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि फॉर्ममध्ये विवाह तसेच आय-१३० ची माहिती द्यावीच लागते. आधीपासून व्हिसा असला, तरी विमानतळावरील अधिकारी परत पाठवू शकतो. पर्यटक म्हणून जायचे आणि तेथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, असा बेत मनात ठेवून प्रवेश करणे म्हणजे हेतूबद्दल खोटे सांगणे आहे. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत असे काही केल्यास हेतू आधीपासूनच तसा होता, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेनुसार गृहीत धरले जाऊ शकते. नागरिकाने भारतात भेटायला येणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

जोडीदार आधीच एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर अमेरिकेत आहे. कोर्टहाउसमध्ये लग्न करून ग्रीन कार्डाचा अर्ज दिला, तर समारंभासाठी भारतात येता येईल का?

येता येईल, पण घाई करू नये. अशा जोडप्याला आय-१३० आणि आय-४८५ (अमेरिकेतूनच करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्र भरता येतात. परंतु आय-४८५ प्रलंबित असताना एफ-१ वरील व्यक्ती 'अ‍ॅडव्हान्स परोल' ही प्रवासाची आगाऊ परवानगी हातात नसताना देशाबाहेर पडली, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते आणि सर्व काही पहिल्यापासून सुरू करावे लागते. ही परवानगी येण्यास काही महिने लागू शकतात. एच-१बी, एच-४ (एच-१बी धारकाचे कुटुंबीय) किंवा एल (कंपनीने बदली केलेले कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय) दर्जावरील व्यक्ती तो दर्जा कायम राखून वैध व्हिसावर परत येत असेल, तर तिला ही अट लागू होत नाही. पत्रिका छापण्याआधी आपण कोणत्या गटात बसतो, हे इमिग्रेशन वकिलाकडून लेखी विचारून घ्यावे.

समारंभाआधीच व्हिसा आला तर?

इमिग्रंट व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीशी जोडलेली असते आणि ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते. त्या मुदतीत एकदा अमेरिकेत प्रवेश करावाच लागतो. प्रवेशाच्या वेळी शिक्का मारलेला व्हिसा एक वर्षापर्यंत ग्रीन कार्डाचे काम करतो, त्यामुळे तेथे जाऊन, थोडे दिवस राहून, समारंभासाठी भारतात परत येणे शक्य असते.

दोन वर्षांचे आणि दहा वर्षांचे ग्रीन कार्ड यांत काय फरक आहे?

अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी कायदेशीर लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती अट काढण्यासाठी आय-७५१ हा दोघांचा संयुक्त अर्ज भरावा लागतो. दोन वर्षे पूर्ण झाली असतील, तर थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते. येथेही मोजणी होते ती कायदेशीर विवाहाच्या तारखेपासून.

आय-८६४ मधील आर्थिक हमी किती गंभीर असते?

फार गंभीर. नागरिकाचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवे; कमी पडल्यास दुसरा हमीदार घेता येतो. ही जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. मामा किंवा काका प्रेमापोटी हमीदार होतात, त्यांनी सही करण्यापूर्वी हे वाचलेले असावे.

जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर?

तेव्हा वार्षिक मर्यादा असलेला एफ-२ए गट लागू होतो आणि प्रतीक्षा लांबू शकते. पुढे तो नागरिक झाला, तर त्याच अर्जाचा दर्जा बदलून घेता येतो.

आधीचा घटस्फोट झालेला असेल तर काय पाहावे?

हिंदू विवाह कायद्याखालील घटस्फोटानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील फेटाळले जाईपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. भारतात लागलेल्या हिंदू विवाहाचा घटस्फोट अमेरिकेतील न्यायालयाने दिला असेल, तर भारतात तो मान्य होईलच असे नाही, म्हणून वकिलाचे मत घेऊनच भारतात दुसरे लग्न करावे. पहिल्या लग्नाचे मूल सोबत न्यायचे असेल, तर कायदेशीर लग्नाच्या दिवशी त्याचे वय १८ पेक्षा कमी असावे लागते आणि त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो.

नोंदणी विवाहानंतर आणि समारंभाआधी संबंध तुटले तर?

तर सहसा घटस्फोटच घ्यावा लागतो. 'समारंभ झाला नव्हता' हे कारण पुरत नाही. विशेष विवाह कायद्यात आणि हिंदू विवाह कायद्यातही, अपवादात्मक परिस्थिती वगळता, लग्नानंतर पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही आणि परस्परसंमतीसाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. मुलगी पुण्यात, मुलगा टेक्सासमध्ये आणि मध्ये न्यायालयाच्या तारखा, ही स्थिती दोघांनाही फार त्रास देते. म्हणून दोघांची ओळख अद्याप काही भेटींपुरतीच असेल, तर व्हिसाचे काही महिने वाचावेत म्हणून नोंदणीची घाई करू नये; आधी एकमेकांच्या सहवासात वेळ घालवावा.

लग्नानंतर पत्नीने नाव बदलणे आवश्यक आहे का?

नाही. भारतातही नाही आणि अमेरिकेच्या व्हिसासाठीही नाही. बदलायचे असल्यास फाइल चालू असताना पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि अर्ज यांत तीन वेगवेगळी नावे होणार नाहीत याची काळजी घ्यावी. सहसा ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत माहेरचेच नाव कायम ठेवणे सोयीचे पडते.